रेडिएटरमधलं पाणी किती गरम हवं?

घर आणि पाणी तापवणाऱ्या आमच्या गॅसच्या बॉयलरवर दोन आकडे लावता येतात. एक नळाच्या गरम पाण्याचा, दुसरा रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पोकळ पत्र्यांमध्ये, फिरणाऱ्या पाण्याचा. हा दुसरा आकडा आम्ही घरात आलो तेव्हापासून ७५ वर होता. त्याला हात लावायची गरजही कुणाला वाटत नाही, कारण घरात किती ऊब हवी ते भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर ठरतं. तिथे २० लावलं की झालं. पण थर्मोस्टॅट बॉयलरला 'अजून हवं' किंवा 'आता पुरे' एवढंच सांगतो. ती ऊब ७५ अंशांच्या पाण्यातून झपाट्याने यावी की ५० अंशांच्या पाण्यातून सावकाश, हे त्या दुसऱ्या आकड्यावर असतं. गॅस किती जळतो, खोल्याखोल्यांत किती फरक पडतो, पाइप रात्री किती कुरकुरतात, सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. एका हिवाळ्यात तो आकडा नीट शोधून काढायचं मी ठरवलं.

घर गार होतं म्हणून नव्हे. उलट ७५ वर घर लवकर तापायचं. बॉयलर धडाक्यात पेटायचा, रेडिएटरला हात लावता येऊ नये इतका चटका बसायचा, खोली २० च्या पुढे जायची, मग बॉयलर बंद आणि हळूहळू सगळं निवत जायचं. तासाभरात अंगातला स्वेटर एकदा काढायचा आणि एकदा घालायचा. गॅसचा मीटर तर पळतच होता.

आधी गॅसचं सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. नैसर्गिक वायू जळला की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफ तयार होते, आणि ती थोडीथोडकी नसते. एक घनमीटर वायूतून दीड लिटरपेक्षा जास्त पाणी निघतं. ते वाफेच्या रूपात धुराड्यातून गेलं तर वाफेत साठलेली उष्णताही त्याच्याबरोबर जाते. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये हा धूर बाहेर सोडण्याआधी रेडिएटरकडून परत आलेल्या पाण्याने थंड करतात. धूर साधारण ५५ अंशांच्या खाली उतरला की वाफेचं पाणी होऊ लागतं आणि अडकलेली उष्णता घराकडे वळते. सगळी वाफ अशी पकडता आली, तर एरवी मिळणाऱ्या उष्णतेत अकरा टक्क्यांच्या आसपास भर पडते.

म्हणजे पाहायचं ते परतीचं पाणी. तंत्रज्ञ जाणाऱ्या पाण्याला फ्लो म्हणतात आणि येणाऱ्याला रिटर्न. बॉयलरवर आपण लावतो तो फ्लोचा आकडा. बचत ठरते ती रिटर्नवर. रिटर्न ६२-६५ ने आला तर धूर पुरेसा निवत नाही आणि 'कंडेन्सिंग' लिहिलेला महागाचा बॉयलर जवळपास साध्या बॉयलरसारखाच चालतो.

हे खरंच घडतंय का, ते पाहायची एक सोपी जागा आमच्याकडे होती. बॉयलरमध्ये वाफेचं झालेलं हे पाणी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर गटाराच्या जाळीवर पडतं. हातमोजे घालून (हे पाणी सौम्य आम्लधर्मी असतं, झाडांना घालू नये) मी त्याखाली मापाचं भांडं ठेवलं आणि बॉयलर ७५ वर सलग चालू असताना तासाभराने पाहिलं. तळ ओला झाला होता, एवढंच. पुढे ५५ वर आल्यावर तेच केलं, तर तासाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी जमलं. एरवी ते सगळं वाफ होऊन गेलं असतं. मला यातून जितकी खात्री पटली तितकी कुठल्याच माहितीपत्रकाने पटली नव्हती.

मग आकडा थेट ४५ वर का नाही नेला? कारण रेडिएटरची ताकद पाण्याबरोबर उतरते, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त उतरते. रेडिएटरवर जे वॉट लिहिलेले असतात ते युरोपीय मानक ईएन ४४२ प्रमाणे मोजलेले असतात: पाणी ७५ ने आत, ६५ ने बाहेर, खोली २० वर. म्हणजे पाण्याचं सरासरी तापमान ७० आणि खोलीशी फरक ५० अंशांचा. आता पाणी ५५ ने आत आणि ४५ ने बाहेर असेल, तर फरक ३० चा उरतो. वाटतं, ताकद ६० टक्के उरेल. पण पत्रा कमी तापला की त्याच्यावरून वर जाणारी हवाही मंदावते, त्यामुळे प्रत्यक्षात ती ५१ टक्क्यांच्या आसपास राहते. गणितात हा फरक १.३ या घातांकाने धरतात. साध्या भाषेत, ५५ च्या पाण्यावर प्रत्येक रेडिएटर निम्मा होतो.

तेव्हा प्रश्न असा की निम्मे रेडिएटर आपल्या घराला पुरतील का? त्यासाठी घराची गरज कळायला हवी, आणि ती गॅसच्या मीटरवरून बरीच कळते. बाहेर शून्याच्या आसपास असताना, वारा नसताना, रात्रभर हीटिंग सलग चालू ठेवून मी पहाटेच्या आधीचे मीटरचे आकडे घेतले. त्या वेळी ऊन नसतं, नळ चालू नसतात, स्वयंपाक नसतो. जळतो तो गॅस फक्त घर २० वर ठेवायला. ताशी ०.६ घनमीटरच्या थोडं वर जात होता. एक घनमीटर म्हणजे साधारण १०.५ ते ११ किलोवॉट-तास. धुरातून जाणारं वजा केलं की सहा किलोवॉट. आत-बाहेर २० अंशांचा फरक होता, म्हणजे दर अंशाला ३०० वॉट. उणे ५ वर हेच घर साडेसात किलोवॉट मागणार आणि बाहेर १० असताना फक्त तीन.

रेडिएटरांची लांबी, उंची आणि पत्रे मोजून निर्मात्यांच्या तक्त्यांतून त्यांची बेरीज काढली, ती साडेतेरा किलोवॉट भरली. उणे ५ च्या रात्रीही घराला त्यातले ५५-५६ टक्केच लागणार होते. हिशेब उलटा फिरवला तर सरासरी पाणी ५२ चं हवं, म्हणजे फ्लो ५७-५८. शून्याला फ्लो ५२. बाहेर १० असताना तर ४० सुद्धा पुरतं. हिवाळ्यातले बहुतेक दिवस उणे ५ चे नसतात, हे लक्षात घेतलं की ७५ हा आकडा किती जास्त आहे ते कळतं.

कागद असा सांगत होता, पण कागदावर मी सगळ्या खोल्यांची एकच मोट बांधली होती, आणि घर तसं नसतं. दिवाणखान्यातला रेडिएटर गरजेच्या दुप्पट, आणि उत्तरेकडच्या खोलीतला जेमतेम.

म्हणून पुढचं काम हळूहळू केलं. आधी काही गोष्टी पक्क्या केल्या. प्रत्येक खोलीत एकसारखे थर्मामीटर ठेवले, खिडकी आणि रेडिएटर दोन्हींपासून लांब, बसल्यावर डोकं येतं त्या उंचीवर. रेडिएटरवरचे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की पाणी आपोआप कमी करणाऱ्या तोट्या) पूर्ण उघडले, नाहीतर खोली गार राहिली तर पाण्यामुळे की व्हॉल्व्हमुळे ते कळत नाही. आणि रात्री १६ वर उतरवून सकाळी पुन्हा २० वर चढवायचा कार्यक्रम बंद केला. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. कोमट पाण्याला घर टिकवून धरता येतं, पण चार अंश झटकन वर नेता येत नाही. ज्यांना 'कमी तापमानावर आमचं घर तापतच नाही' असा अनुभव येतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं हीटिंगच्या वेळांचं घड्याळ जुनंच राहिलेलं असतं. घड्याळ तसंच ठेवायचं असेल तर हीटिंग बरंच आधी सुरू करावं लागतं. आम्ही रात्री फक्त दीड अंश उतरवू लागलो.

मग ७५ चे ७० केले. थांबले, गारठ्याचे दिवस येऊ दिले, आकडे पाहिले. मग ६५. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, फक्त पाइपांची कुरकुर कमी झाली. ऊन पडलेल्या दिवशी घेतलेला निष्कर्ष कामाचा नसतो. ढगाळ, वाऱ्याच्या दिवसाची वाट पाहावी लागते.

६० वर बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, पहिली तक्रार केली. "अगं, रेडिएटर बंद पडलाय बहुतेक, हाताला काहीच लागत नाही." त्यांच्या खोलीत जाऊन पाहिलं तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक म्हणजे त्यांची हात लावून पाहायची सवय. माणसाचा तळहात तीसच्या पुढे असतो. त्याला ४५ चा पत्रा कोमट लागतो आणि ४० चा जवळजवळ जाणवतच नाही. ७० च्या चटक्याला सरावलेल्या माणसाला वाटतं की हीटिंग चालूच नाही. याला उपाय म्हणजे रेडिएटर सोडून खोलीचा थर्मामीटर पाहणं. मी तो त्यांच्या खुर्चीजवळ ठेवला. पण तो पाहिल्यावर दुसरी गोष्ट दिसली: खोली खरोखरच साडेसतरावर होती. बाकी घर २० वर. म्हणजे तक्रार खरी होती.

अशा वेळी बहुतेक घरांत आकडा परत ७० वर जातो आणि विषय संपतो. आमच्या हीटिंगच्या तंत्रज्ञांचंही तेच म्हणणं होतं: "मॅडम, ७५ ठेवलं की कुणाचा फोन येत नाही." त्यांच्या बाजूने ते बरोबर आहे. प्रत्येक घरातली प्रत्येक खोली तपासायला त्यांना परत परत येता येत नाही, आणि थंडीत ज्याचं घर गार पडतं त्याचा फोन पहिला येतो. पण एका खोलीसाठी सगळ्या घराचं पाणी दहा अंशांनी वर न्यायचं, हे मला पटेना. आकडा सगळ्या घराचा दिसतो. प्रत्यक्षात तो सगळ्यात कमजोर खोली ठरवत असते. म्हणून त्या खोलीचाच इलाज करायचा असं ठरवलं.

पाइपांना चिमटा लावून मोजायचे साधे थर्मामीटर मिळतात. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांना ते लावून पाहिले, आणि चित्र लख्ख झालं. बॉयलरच्या सगळ्यात जवळचा दिवाणखान्यातला रेडिएटर: पाणी आत ५९, बाहेर ५५. बाबांच्या खोलीतला, पाइपाच्या शेवटच्या टोकाचा: आत ५६, बाहेर ३६. पाणी सोप्या वाटेने जातं. जवळच्या रेडिएटरमधून ते भरभर धावून जवळजवळ तसंच गरम परत येत होतं, आणि लांबच्याला इतकं थोडं मिळत होतं की वाटेतच निवत होतं. शिवाय तो गरम धावता प्रवाह परतीच्या पाण्यात मिसळून रिटर्नही वर ठेवत होता. म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

प्रत्येक रेडिएटरला दुसऱ्या टोकाला टोपी घातलेला एक व्हॉल्व्ह असतो, लॉकशील्ड म्हणतात त्याला. बहुतेक घरांत बसवल्यापासून तो कुणी फिरवलेला नसतो. जवळच्या रेडिएटरचे लॉकशील्ड मी आवळत गेले, लांबचे पूर्ण उघडे ठेवले. एक फिरवला की सगळ्यांचे आकडे हलतात, म्हणून पाव-पाव वळसा देऊन, पाणी स्थिरावायला वेळ देऊन, पुन्हा सगळीकडे फिरून पाहायचं. कंटाळवाणं काम आहे आणि या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त उपयोगी तेच ठरलं. शेवटी सगळीकडे आत-बाहेर फरक १० ते १२ अंशांवर आला, बॉयलरचा रिटर्न ४७ वर उतरला, आणि बाबांची खोली १९ वर गेली. पाण्याचं तापमान एका अंशानेही न वाढवता.

उरलेला अंश त्या रेडिएटरच्या ताकदीतच नव्हता. तो एकाच पत्र्याचा होता, आणि त्या खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या. तिथे त्याच लांबी-उंचीचा दोन पत्र्यांचा आणि मधे दुहेरी पंख (हवेला उष्णता देणाऱ्या पातळ पत्र्याच्या घड्या) असलेला रेडिएटर बसवून घेतला. एक पत्रा आणि एकेरी पंख असलेल्यापेक्षा तो जवळपास पावणेदोन पट उष्णता देतो. पाइप तिथल्या तिथेच राहिले, भिंत फोडावी लागली नाही. तंत्रज्ञांनी थोडं पाणी काढलं, रेडिएटर बदलला, पाण्यात गंजरोधक पुन्हा घातलं, हवा काढली. हवा काढून झाल्यावर दाब तपासायला विसरू नका. आमचा उतरला होता, तो लगेच भरून घेतला. त्यानंतर ५५ वर बाबांच्या खोलीत २० अंश सहज टिकू लागले. त्यांनीच सांगितलं की आता खोली 'एकसारखी' असते, संध्याकाळी उकडत नाही आणि पहाटे गारठत नाही.

यानंतरचा टप्पा म्हणजे बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलणं. उत्तरेच्या भिंतीवर, ऊन आणि खिडकी टाळून एक छोटा सेन्सर बसतो आणि बॉयलर त्यावरून फ्लो ठरवतो. आपण फक्त एक रेषा ठरवून द्यायची: बाहेर किती असताना पाणी किती. माझी रेषा मीटरच्या हिशेबातून तयारच होती: उणे ५ ला ५८, शून्याला ५२, १० ला ४०. ती तशीच लावली आणि मग दुरुस्त केली. यात एक खूण कामी येते. कडाक्याच्या थंडीतच घर गार पडत असेल तर रेषेचा उतार वाढवायचा. थंडी असो वा सौम्य हवा, कायमच थोडं गार वाटत असेल तर सगळी रेषा वर सरकवायची. आमच्याकडे सौम्य हवेत गार वाटायचं, कडाक्याच्या थंडीत नाही, म्हणून उतार थोडा कमी केला आणि रेषा दोन अंश वर उचलली. सेन्सर नसला तरी हरकत नाही. ऋतू पाहून हातानेच ४५, ५० आणि ५५ करत राहिलं तरी बराचसा फायदा पदरात पडतो.

सौम्य हवेत एक अडचण राहतेच. घराला तीन किलोवॉट हवेत आणि आमचा बॉयलर चारच्या खाली उतरू शकत नाही, त्यामुळे तो पेटतो-विझतो. पाणी आणखी थंड केलं म्हणून हे थांबत नाही. बॉयलरची हीटिंगसाठीची कमाल ताकद तंत्रज्ञांकडून उतरवून घेतली आणि विझल्यावर पुन्हा पेटायच्या आधीची सक्तीची विश्रांती वाढवली, तेव्हा पेटण्याचे टप्पे लांबले. नवा बॉयलर घेणाऱ्यांनी मोठ्यात मोठ्या आकड्यापेक्षा तो किती खाली उतरतो हे विचारावं, असं मी आवर्जून सांगते.

दोन ठिकाणी मात्र कमी तापमानाचा उत्साह आवरायचा. गरम पाणी साठवायची टाकी असेल तर ती ६० अंशांवरच ठेवायची, कारण २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात फुप्फुसांचा आजार करणारे लीजिओनेला जिवाणू वाढतात. आमच्याकडे टाकी नाही, पाणी वापरतानाच तापतं, म्हणून नळाचा आकडा मी ५० वर ठेवला आहे. पण तो रेडिएटरच्या आकड्यापासून वेगळा आहे याची खात्री आपापल्या बॉयलरवर करून घ्या. दुसरं म्हणजे वापरात नसलेल्या खोल्या पूर्ण बंद करणं. त्या खोलीतला रेडिएटर गेला की शेजारच्या खोलीवर भार येतो, तिला जास्त गरम पाणी लागतं, आणि बंद खोलीच्या गार भिंतींवर ओल धरून बुरशी येते ती वेगळीच.

फरशीखाली गरम पाण्याचे पाइप असलेल्या घरांचं गणित निराळं आहे. तिथे पाणी ३५ ते ४५ चंच लागतं आणि पायाखालची फरशी २९ अंशांच्या वर जाऊ द्यायची नसते. आणि ज्यांच्याकडे हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) आहे त्यांच्यासाठी तर फ्लोचा प्रत्येक अंश मोलाचा आहे. एक अंश कमी केला की वीज साधारण दोन ते अडीच टक्के कमी लागते. माझ्या मते पुढेमागे हीट पंप घ्यायचा विचार असेल त्याने आत्ताच्या बॉयलरवर एक हिवाळा ५० वर काढून पाहावा. कुठला रेडिएटर कमी पडतो ते त्यात आपोआप कळतं.

गॅसचा फरक मोजताना महिन्याचं बिल मागच्या वर्षीच्या बिलाशी ताडून पाहिलं नाही, कारण दोन हिवाळे सारखे नसतात. रोज आत-बाहेर किती अंशांचा फरक होता त्याची बेरीज केली आणि तिने गॅसला भागलं. तसं पाहिलं तर तेवढ्याच थंडीला आधीपेक्षा सात-आठ टक्के गॅस कमी लागतो आहे.

आता एकच खोली उरली आहे, न्हाणीघर. तिथे टॉवेल वाळवायच्या शिडीसारखा नळ्यांचा रेडिएटर आहे, दिसायला छान आणि ताकदीला बेताचा. वर टॉवेल टाकला की आणखी कमी. कडाक्याच्या थंडीत तिथे १९ च्या पुढे जात नाही, आणि अंघोळीला २२ तरी हवेत. मोठा रेडिएटर मावायला भिंत नाही. रेषा सात-आठ अंश वर उचलली तर जमेल, पण मग पुन्हा एका खोलीपायी सगळं घर तापवणं आलं. म्हणून त्या नळ्यांच्या खालच्या तोंडातून आत बसणारी छोटी विजेची कांडी टाकून घ्यायचं ठरवलं आहे, सकाळी अर्धा तास चालेल अशी. बाकीच्या घराचं पाणी आहे तिथेच राहील.